कवेलूच्या चुऱ्यावर लोह चढवून आर्सेनिक काढताना गाडी कुठं अडते

दरवर्षी प्रोजेक्टचे दिवस आले की पोट्टे कागद घेऊन येतात, सर ९९ टक्के आर्सेनिक निघालं. मी एकच विचारतो, बिनामातीची बाटली, म्हणजे तुलनेसाठी माल न टाकलेली, ठेवली होती का? सगळे एकमेकांकडे पाहतात. मग दुसरा प्रश्न, तोच माल, म्हणजे लोह चढवलेला कवेलूचा (कौलाचा) चुरा, दुसऱ्यांदा वापरला का? तर म्हणतात हो, पण तेव्हा २० टक्केच आलं, बहुतेक मशीन बिघडलं होतं. मशीन ठीक असते बाप्पा, आपली पद्धत बिघडलेली राहते. म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून टाकतो.

हे काम शाळा-कॉलेजच्या लॅबपुरतं आहे. याच्या भरवशावर घरच्या माठात पाणी भरायचं नाही, मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट हातात येईपर्यंत तर नाहीच नाही.

१. आधी पाणी कोणतं ते ठरवा

आपल्या इकडं यवतमाळ, चंद्रपूरच्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्याची तक्रार असते ती फ्लोराइडची. आर्सेनिकसाठी प्रसिद्ध असलेला भाग गडचिरोलीच्या सीमेपलीकडं, छत्तीसगडमधलं अंबागड चौकी आणि त्याच्या जवळचं कौडीकसा. म्हणजे आपल्या हातपंपाच्या पाण्यात आर्सेनिक असेलच असं धरून चालू नका, आणि नसेलच असंही नका धरू. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षणाची लॅब असते, तिथं आर्सेनिकची तपासणी करतात का ते आधी विचारा. ग्रामपंचायतीच्या तपासणी किटमध्ये आर्सेनिकची बाटली असेलच असं नाही, डबा उघडून बघून घ्या.

मर्यादा १० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम. हे दोन आकडे एकमेकांत मिसळून कित्येक जणांचे रिपोर्ट हजारपटीनं चुकतात, त्यामुळं वहीच्या पहिल्या पानावर एकच एकक लिहा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

पाणी फ्लोराइडचं निघालं तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. लोह लावलेली माती फ्लोराइड फारसं धरत नाही, त्याला अॅल्युमिनियमचा लेप किंवा अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिना लागते. दोन्ही रोगाला एकच औषध चालते का, हा प्रश्न मला दर वर्षी येते, लोहाच्या लेपापुरतं उत्तर नाही.

आता नमुना घेताना. हातपंप ५-१० मिनिटं चालवून मग बाटली भरा. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर बाटलीत तासाभरात तांबूस गाळ बसते आणि आर्सेनिक त्या गाळाला चिकटून खाली जाते, वरचं निवळ पाणी तपासलं की आकडा कमी येते. म्हणून एकूण आर्सेनिक मोजायचा कच्चा नमुना जागेवरच नायट्रिक अॅसिडचे थेंब टाकून पीएच २ च्या खाली आणून ठेवायचा, हातमोजे आणि चष्मा घालून. प्रयोगाला वापरायचं पाणी मात्र वेगळ्या कॅनमध्ये, बिनाअॅसिडचं. दोन्ही कॅनवर मार्करनं लिहा, नंतर ओळखू येत नाही.

थांबा: फिल्ड किटमध्ये झिंक आणि अॅसिडनं जो वायू तयार होते तो आर्सिन, तो विषारी आहे. ती टेस्ट वऱ्हांड्यात, मोकळ्या हवेत करा. खोलीची दारं लावून बसायचं नाही.

२. माती कुठून उचलायची

इथं सगळ्यात जास्त घाई होते आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथंच. आपली काळी माती म्हणजे फुगणारी माती. भिजली की फुगते, वाळली की भेगा पडतात, हे कापूस लावणाऱ्याला सांगायची गरज नाही. ती तशीच पाईपात भरली तर दहा मिनिटांत पाणी जायचं बंद. दुसरं म्हणजे कच्च्या मातीच्या पृष्ठभागावर ऋण भार असते आणि पाण्यातलं आर्सेनेटही (आर्सेनिकचं एक रूप) ऋणच, दोघांचं जुळत नाही. म्हणून माती भाजावी लागते, म्हणजे तिचं फुगणं जाते, आणि वरून लोहाचा लेप द्यावा लागते, म्हणजे आर्सेनिक धरायला जागा होते.

भाजायला भट्टी नसेल तर सोपा उपाय कवेलू. कुंभाराकडं आव्यातून (भट्टीतून) निघालेले, छपरावर न चढलेले फुटके कवेलू मिळतात, ते घ्या. छपरावरचे जुने नको, त्यावर शेवाळ, धूर, चिमण्यांची घाण, सगळं असते.

हे घेऊ नका:

शेतातली वरची माती. तिच्यात डीएपी गेलेलं असते, आणि फॉस्फेट हा आर्सेनेटचा जुळा भाऊ, त्याच जागेवर बसते. तुमचा माल पाण्यात जायच्या आधीच अर्धा भरलेला.

राखेच्या विटा. थर्मल पॉवरच्या उडत्या राखेत आर्सेनिक असू शकते, म्हणजे काढायला गेलो आणि घालून आलो. इकडं लाल विटेतसुद्धा राख मिसळतात, भट्टीवाल्याला विचारल्याशिवाय वीट उचलू नका.

चुनखडीचे खडे असलेली माती. पुढं फेरिक क्लोराइड टाकलं की ती फसफसते आणि पीएच आपल्या हातात राहत नाही. ओळखायचं सोपं, चिमूटभर चुऱ्यावर पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडचा थेंब टाका, बुडबुडे आले तर तो ढीग बाजूला.

३. कुटणं आणि चाळणं

कवेलू गोणपाटात गुंडाळून कुटा, मग १ मिमीची आणि अर्ध्या मिमीची अशा दोन चाळण्या लावा. १ मिमीतून खाली पडलेला आणि अर्ध्या मिमीवर अडकलेला माल घ्यायचा. पीठ फेकून द्या. पिठाला आर्सेनिक जास्त चिकटते हे खरं आहे, आणि म्हणूनच पोट्ट्यांना त्याचा मोह होते, पण पीठ पाण्यातून परत वेगळं करता येत नाही.

मग धुवायचं, तांदूळ धुतो तसं, वरचं पाणी निवळ येईपर्यंत. ८-१० पाणी लागतात. नंतर वाळवून १०० ग्रॅमचे ढीग करून ठेवा.

४. लोह चढवणं

भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं. जर्मनचं (अॅल्युमिनियमचं) पातेलं अजिबात नाही, फेरिक क्लोराइड आणि कॉस्टिक दोन्ही त्याला खातात. स्टीललाही फेरिक क्लोराइडनं खड्डे पडतात. मी सुरुवातीच्या काळात घरची स्टीलची बादली वापरली होती, बादली गेली आणि वर बोलणी बसली ती वेगळीच.

१०० ग्रॅम चुऱ्यासाठी माप असं:

फेरिक क्लोराइड, सहा पाण्याच्या रेणूंचं, म्हणजे पिवळसर ओलसर ढेकळं येतात ते, २७ ग्रॅम, २०० मिली डिस्टिल्ड पाण्यात.

कॉस्टिक सोडा १२ ग्रॅम, ३०० मिली डिस्टिल्ड पाण्यात. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी नाही. द्रावण गरम होते, थंड होऊ द्या.

आता क्रम. चुरा आधी फेरिक क्लोराइडमध्ये टाका आणि २ तास भिजू द्या, मधूनमधून हलवा, म्हणजे द्रावण छिद्रांत शिरते. त्यानंतरच कॉस्टिक, तेही थेंबाथेंबानं, काचेच्या कांडीनं सतत ढवळत. एकदम ओतलं तर लोहाचा तपकिरी लगदा पाण्यातच तयार होते, चुऱ्यावर बसत नाही. पूर्ण ३०० मिली जायला पाऊण-एक तास लागला पाहिजे. शेजारी कोणाला तरी बसवा, एकट्याचा हात दुखून येते आणि मग शेवटचं अर्धं ग्लास भसकन जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कॉस्टिक किती घालायचं ते पीएच ठरवते, मापाचा ग्लास नाही. हिशोबानं ३०० मिली बरोबर बसते पण मालात थोडं कमीजास्त असतेच, त्यामुळं २५० मिलीनंतर दर थोड्या वेळानं पीएच बघा आणि ७ ते ७.५ वर थांबा. ९ च्या वर गेलात तर लोहाच्या पृष्ठभागावरच ऋण भार येते, आर्सेनेट दूर ढकललं जाते. गेलंच वर तर अगदी पातळ हायड्रोक्लोरिकचे थेंब टाकून खाली आणा.

तपासा: तपकिरी लगद्यात पीएच पेपर बुडवला की तो तपकिरीच दिसणार. गाळ बसू द्या, वरच्या निवळ पाण्यात बुडवा. मीटर असेल तर त्याच दिवशी ४ आणि ७ च्या बफरनं जुळवून घ्या, मागच्या महिन्यात जुळवलं होतं हे चालत नाही.

झालं की झाकून २४ तास तसंच राहू द्या.

५. आधी वाळवा, मग धुवा

उलटं करणारे दहात आठ जण असतात. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी अलगद ओतून टाका आणि ओला माल तसाच, मीठासकट, प्लास्टिकच्या किंवा काचेच्या ट्रेमध्ये पसरा (प्लास्टिक असेल तर ओव्हनमध्ये नाही, सावलीत). ओव्हन १०५ अंशावर रात्रभर. वाळताना लेप दाण्याला धरून बसते. ओला असतानाच नळाखाली धरला की सगळा लेप नालीत जाते आणि हातात परत कवेलूच राहते.

तापमान वाढवून काम लवकर उरकायचा विचारही करू नका. चुलीवर, तव्यावर किंवा परत आव्यात भाजलं की लोहाचा लेप घट्ट होऊन लालभडक होते, दिसायला झकास, पण त्याची धरायची जागा कमी होऊन जाते. चांगला माल तपकिरी-केशरी दिसते. मातीचं भाजणं लेपाच्या आधी, लेपानंतर फक्त वाळवणं.

मग धुणं. आतलं मीठ आणि न बसलेलं लोह काढायचं. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाका, पांढरट ढग आला तर क्लोराइड बाकी आहे, अजून धुवा. पण शेवटची धुणी डिस्टिल्ड पाण्याची पाहिजेत, बोअरच्या पाण्यात स्वतःचंच क्लोराइड असते, त्यानं धुवत बसाल तर ढग जन्मभर येत राहील. एका बॅचनं दोन दिवस धुतलं होतं असं, शेवटी कोरं नळाचं पाणी तपासायला लावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. धुतल्यावर परत १०५ अंशावर वाळवा.

सुरुवातीला सांगितलेलं ९९ टक्के बहुतेक वेळा इथूनच येते. माल नीट धुतला नाही तर उरलेलं फेरिक क्लोराइड पाण्यात सुटते, तिथं ताजा गाळ बनवते आणि तो गाळ आर्सेनिक ओढून खाली बसते. तुरटीनं गढूळ पाणी निवळावं तसं. मातीनं काहीच केलेलं नसते. दुसऱ्या वापरात सुटं लोह संपलेलं, म्हणून २० टक्के.

६. कोरी तपासणी

एक दिवस वाचवायला ही पायरी गाळतात. १ ग्रॅम माल, १०० मिली डिस्टिल्ड पाणी, २४ तास. मग तीन गोष्टी बघा. पाणी तांबूस झालं का, झालं तर लेप सुटते आहे, परत धुवा. पीएच ६ ते ८ मध्ये आहे का. आणि गाळलेल्या पाण्यात आर्सेनिक किती, ते जवळपास शून्य यायला पाहिजे. नाही आलं तर मातीच दूषित आहे, क्रमांक २ वर परत जा.

७. बाटल्यांचा प्रयोग

आर्सेनिकचं द्रावण स्वतः पावडर तोलून बनवू नका, १००० मिलिग्रॅम प्रतिलिटरचं तयार स्टँडर्ड मिळते तेच घ्या, आणि पिपेट तोंडानं ओढायची नाही हे सांगायला लागू नये पण सांगतो. १ मिलीचे १०० मिली करा, त्यातले १० मिली घेऊन १ लिटर करा, झालं १०० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर. स्टँडर्ड बऱ्याचदा अॅसिडमध्ये येते, तेव्हा शेवटी पीएच बघून ७ च्या आसपास आणा. पीएच ३ वरचा प्रयोग गावातल्या पाण्याबद्दल काहीच सांगत नाही.

शक्यतो एक संच डिस्टिल्ड पाण्यात आणि एक गावच्या खऱ्या पाण्यात आर्सेनिक मिसळून करा. खऱ्या पाण्यातलं फॉस्फेट आणि सिलिका मालाची क्षमता खाली ओढतात, तो फरक दिसणं हाच तर प्रोजेक्ट आहे.

प्लास्टिकच्या बाटल्या, प्रत्येकीत १०० मिली. माल असा: ०, ०.०५, ०.१, ०.२, ०.४ ग्रॅम. प्रत्येकाच्या दोन बाटल्या, म्हणजे दहा. शून्यवाली बाटली म्हणजे बिनामातीची, तिला बाकीच्यांसारखंच हलवायचं, गाळायचं, सगळं. २४ तास शेकरवर. शेकर नसेल तर दिवसभर दर अर्ध्या तासानं हातानं हलवा आणि तसं वहीत लिहा, लपवू नका.

वेळ संपली की क्रम हा, आणि यात अदलाबदल नाही: आधी पीएच मोजा, मग ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा, मग गाळलेल्या पाण्यात नायट्रिक अॅसिड. अॅसिड आधी टाकलं तर लोहाचा लेप विरघळून धरलेलं आर्सेनिक परत पाण्यात येते. कच्च्या नमुन्यात अॅसिड आधी आणि इथं गाळणं आधी, हे दोन उलटे नियम पोरांच्या डोक्यात हमखास गुंततात. साधा फिल्टर पेपरही चालत नाही, बारीक लोह त्यातून निसटते.

फिल्ड किटच्या रंगपट्टीवर हे आकडे काढू नका, पट्टी फक्त आहे-नाही सांगायला ठीक. नमुने हायड्राइड जोडलेल्या एएएसवर किंवा आयसीपी-एमएसवर (लॅबमधली बारीक मोजमापाची मशीनं) द्या. नागपूरला नेत असाल तर जायच्या आधी त्या लॅबला विचारा, किती मिली लागते आणि कोणत्या बाटलीत.

८. हिशोब

समजा बिनामातीच्या बाटलीत ९६ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आलं आणि ०.१ ग्रॅमच्या बाटलीत ८. फरक ८८, पाणी ०.१ लिटर, म्हणजे ८.८ मायक्रोग्रॅम धरलं, भागिले ०.१ ग्रॅम, ८८ मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅम. सुरुवातीचा आकडा ९६ घ्यायचा, लेबलवरचा १०० नाही. ते ४ बाटलीच्या भिंतीला किंवा फिल्टरला गेले, मातीच्या खात्यात टाकायचे नाहीत.

आणि टक्के लिहू नका, लिहिलेच तर सोबत माल किती आणि सुरुवात कितीची ते लिहा. १० मिलिग्रॅमच्या घट्ट द्रावणात काढलेली क्षमता ५० मायक्रोग्रॅमच्या पाण्याला लावणं ही तर सरळ फसवणूक आहे, मुद्दाम केलेली नसली तरी.

९. पाईपात भरायचं असेल तर

बाटल्यांचं जमल्यावरच. १ किलो माल साधारण १ लिटर जागा घेते. चार इंची पाईपात त्याचा थर जेमतेम १३ सेंमी होते, पाणी कडेनं पळून जाते. दोन इंची पीव्हीसी पाईप घ्या, ५० सेंमीच्या आसपास थर बसते. खाली धुतलेली गिट्टी आणि रेती, वरही रेतीचा पातळ थर. बाहेर जाणारी नळी मालाच्या पातळीच्या वर उचलून मग खाली वळवा, म्हणजे माल कधी कोरडा पडत नाही. कोरडा पडला की हवा अडकते आणि पाणी एकाच वाटेनं जाते.

वेग मिनिटाला १०० मिली, म्हणजे रिकाम्या थराच्या हिशोबानं १० मिनिटांचा संपर्क. घड्याळ आणि मापाचा ग्लास घेऊन दर दिवशी मोजा, नुसता कॉक फिरवून अंदाज करू नका.

खोल बोअरच्या पाण्यात बऱ्याचदा आर्सेनिक तीनच्या रूपात (आर्सेनाइट) असते, त्याला भार नाही, पकड ढिली. त्याला आधी पाचमध्ये (आर्सेनेटमध्ये) बदलावं लागते. नुसती हवा लावून ते लवकर होत नाही, क्लोरीन लागते. जलसुरक्षकाकडं टीसीएल (ब्लीचिंग पावडर) असते, ते पाण्यात कालवून बसू द्या आणि वरचं निवळ वापरा, अर्ध्या तासानं ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलं का ते बघायची) पिवळा रंग आला पाहिजे. मग ते पाणी पाईपात.

किती दिवस चालेल? २० लिटर रोज, ५० वरून १० वर आणायचं, म्हणजे रोज ८०० मायक्रोग्रॅम. १ किलोची क्षमता ८८ हजार, कागदावर ११० दिवस. मी ५० सुद्धा धरणार नाही लॅबचे आकडे आल्याशिवाय. दर आठवड्याला नमुना, आणि बाहेरच्या पाण्यात ५ दिसलं की बदलायची तयारी, १० ची वाट पाहायची नाही.

थांबा: चव, वास, रंग यावरून काहीच कळत नाही. उकळून तर आर्सेनिक जात नाहीच, उलट पाणी आटलं की घट्ट होते.

१०. वापरलेला माल

हा उकिरड्यावर किंवा शेणखताच्या खड्ड्यात जायला नको. तिथं हवा नसते, सडणं चालू असते, अशा ठिकाणी लोह विरघळते आणि धरलेलं आर्सेनिक परत सुटून खाली झिरपते. नाल्यात, विहिरीच्या काठावर, घराच्या भरावात, कुठंच नाही. वाळवून झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा, वर तारीख आणि "आर्सेनिक" असं मोठ्या अक्षरात, आणि लॅबच्या घातक कचऱ्यासोबत द्या. उरलेलं स्टँडर्ड आणि बाटल्यांतलं पाणीही त्याच वाटेनं, बेसिनमध्ये नाही. डबा कपाटात कुलपात ठेवा, आमच्याकडं एकदा शिपायानं गेरू समजून कुंड्या रंगवायला काढला होता, वेळेवर दिसला म्हणून बरं.